पेन्सिल, बेबी, कप्पा : एका स्वस्त संशोधन-रॉकेटाची घडण

जमिनीपासून तीस-चाळीस किलोमीटर उंचीपर्यंतची हवा फुग्यांच्या आवाक्यात येते. दीडशे-दोनशे किलोमीटरच्या वर उपग्रहांचा संचार असतो. मधल्या पट्ट्यात फुग्याला तरंगायला पुरेशी हवा नसते आणि उपग्रहाला टिकू न देण्याइतकी ती असते. आयनांबराचा खालचा भाग, ध्रुवीय प्रकाशाचे पडदे आणि उल्कांच्या जळून जाण्याची जागा याच पट्ट्यात येतात. तिथे उपकरण नेऊन प्रत्यक्ष मोजमाप करण्याचे साधन एकच, साउंडिंग रॉकेट. ते सरळ वर जाते, इंधन संपल्यावर आपल्याच वेगाने काही मिनिटे चढत राहते आणि फेकलेल्या दगडासारखे परत पडते. तेवढ्या वेळात त्यातली उपकरणे आपली नोंद रेडिओने खाली धाडतात.

असे रॉकेट स्वस्तात होऊ शकते, याचे कारण साधे आहे. शंभर किलोमीटर उंची गाठायला, हवेचा अडथळा सोडला तर, सेकंदाला सुमारे १.४ किलोमीटरचा वेग पुरतो. पृथ्वीभोवती फिरत राहायला जवळजवळ ७.८ किलोमीटरचा लागतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने एकाच वजनाच्या वस्तूसाठी या दोन कामांत तीसपटीचा फरक पडतो. शिवाय साउंडिंग रॉकेटाला दिशा देणारी नियंत्रणयंत्रणा नसली तरी चालते. शेपटीचे पंख नीट असले, उडवण्यापूर्वी वारा मोजून प्रक्षेपकाचा कोन बदलला आणि खाली पडायला मोकळा समुद्र असला की काम भागते. यातली मोकळ्या समुद्राची अट वाचायला सर्वांत सोपी वाटते. प्रत्यक्षात तिनेच सर्वांत जास्त त्रास दिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने जर्मनीहून आणलेली व्ही-२ रॉकेटे न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथून उडवली आणि त्यांत शास्त्रज्ञांना उपकरणे बसवू दिली. व्ही-२ म्हणजे बारा-तेरा टनांचे धूड होते. काही किलो उपकरणांसाठी एवढा खटाटोप परवडणारा नव्हता, आणि साठाही संपणारच होता. म्हणून द्रव इंधनावर चालणारे, आटोपशीर एरोबी रॉकेट तयार झाले. १९४७ पासून ते वापरात आले. त्याहून स्वस्त युक्ती जेम्स व्हॅन ॲलन यांनी १९५२ साली वापरली. छोटे रॉकेट फुग्याला टांगायचे आणि दाट हवेचा थर ओलांडल्यावर तिथूनच पेटवायचे. ग्रीनलंडजवळच्या समुद्रात जहाजावरून सोडलेल्या या फुगा-रॉकेटांनी थोड्या पैशांत मोठी उंची गाठली. अर्थात यामागे अमेरिकी नौदलाची रॉकेटे, तटरक्षक दलाचे जहाज आणि तयार रेडिओयंत्रणा उभी होती. यातले काहीच हाताशी नसताना, अगदी दारूच्या कांडीपासून सुरुवात करून संशोधन-रॉकेट घडवण्याचा प्रयोग जपानमध्ये झाला.

युद्धात हरलेल्या जपानवर विमानविषयक संशोधनाची बंदी होती. ती १९५२ साली, सॅन फ्रान्सिस्कोचा शांतता करार अमलात आल्यावर उठली. मधल्या सात वर्षांत विमानविद्येत जगाने जेट इंजिनापर्यंत मजल मारली होती आणि जपानी अभियंते भलत्याच उद्योगांत विखुरले होते. हिदेओ इतोकावा हे त्यांपैकी एक. १९१२ साली तोक्योत जन्मलेले इतोकावा नाकाजिमा विमान कंपनीत होते आणि ‘हायाबुसा’ या लढाऊ विमानाच्या वायुगतिकीत त्यांचा हात होता. युद्धानंतर तोक्यो विद्यापीठाच्या औद्योगिक विज्ञान संस्थेत त्यांनी ध्वनिशास्त्र धरले, व्हायोलिनच्या आवाजाचा अभ्यास करून स्वतः व्हायोलिन बनवायला घेतले, आणि मेंदूतील विद्युत्‌लहरी टिपणाऱ्या यंत्रावरही काम केले. या वैद्यकीय उपकरणांच्याच निमित्ताने ते १९५३ साली अमेरिकेत गेले. तिथे अंतराळात माणसाच्या शरीराचे काय होईल यावर संशोधन चालू असल्याचे त्यांच्या नजरेस आले, आणि परतताना त्यांच्या डोक्यात रॉकेट होते.

फेब्रुवारी १९५४ मध्ये संस्थेत एक अभ्यासगट सुरू झाला. त्याचा घोषित हेतू ऐकून आज हसू येईल. पॅसिफिक महासागर वीस मिनिटांत ओलांडणारे रॉकेट-विमान त्यांना बनवायचे होते. जेट विमानांत जपान मागे पडलाच आहे, तेव्हा त्यांच्या मागे धावण्यापेक्षा त्यापुढची पायरी गाठावी, असा विचार त्यामागे होता. पैसा मात्र या स्वप्नाच्या जवळपासही नव्हता. पहिल्या वर्षी शिक्षण मंत्रालयाकडून ६ लाख येन मिळाले, म्हणजे त्या वेळच्या ३६० येनला एक डॉलर या दराने सतराशे डॉलरसुद्धा नाहीत. व्यापार मंत्रालयाने २३ लाख येनचे अनुदान दिले, ते गटाबरोबर काम करणाऱ्या फुजी सेइमित्सु या कंपनीला. ही कंपनी जुन्या नाकाजिमाच्याच तुकड्यांतून उभी राहिलेली. त्यामुळे इतोकावांना तिथे ओळखीची माणसे आणि ओळखीची यंत्रे मिळाली.

इंधनाच्या शोधात गट निप्पॉन युशी या कंपनीच्या आयची प्रांतातील ताकेतोयो कारखान्यापर्यंत पोचला. त्सुतोमू मुराता हे तिथले दारूचे जाणकार. त्यांच्याकडे धूरविरहित दारूच्या लहान कांड्या होत्या. नायट्रोग्लिसरीन आणि नायट्रोसेल्युलोज एकत्र मळून तयार केलेल्या या कांड्या बोटापेक्षा बारीक, जेमतेम १२ सेंटिमीटर लांब आणि मधून पोकळ होत्या. मॅकरोनीसारख्या दिसतात म्हणून त्यांना तेच नाव पडले होते. यापेक्षा मोठे इंधन त्या घडीला मिळण्यासारखे नव्हते. मोठ्या इंधनाची वाट पाहत आराखडे काढत बसायचे, की आहे त्या कांडीभोवती बसेल तेवढे रॉकेट बनवायचे, असा प्रश्न होता. गटाने दुसरा मार्ग घेतला, आणि पुढची सगळी गोष्ट या निवडीतून निघते. रॉकेटाचे माप गणिताने ठरवले नाही, कांडीने ठरवले.

त्यातून तयार झालेले रॉकेट २३ सेंटिमीटर लांब, १.८ सेंटिमीटर व्यासाचे आणि सुमारे २०० ग्रॅम वजनाचे होते. ‘पेन्सिल’ हे नाव त्याला चपखल बसले. त्याने कुठलेही वैज्ञानिक उपकरण नेले नाही. नेता येणेच शक्य नव्हते. त्याचे मोल होते ते संख्येत. इतके लहान आणि स्वस्त असल्याने ते डझनांनी बनवता येई, दर वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा उडवता येई. नाकाचे टोक कधी पोलादाचे, कधी पितळेचे, कधी ड्युराल्युमिनचे बसवले की रॉकेटाचा गुरुत्वमध्य पुढेमागे सरके. पंख कधी सरळ, कधी अडीच, कधी पाच अंशांनी तिरपे लावले की त्याची गिरकी बदले. रॉकेट सरळ का जाते आणि कधी भरकटते, याचे धडे पुस्तकाऐवजी दोनशे ग्रॅमच्या नळीवर गिरवता येऊ लागले.

पण उडवायचे कुठे, आणि उडाल्यावर पाहायचे कसे? वर गेलेल्या पेन्सिलीचा माग काढायला रडार लागते, आणि गटाकडे ते नव्हते. इतोकावांनी उत्तर काढले ते असे, की वर उडवूच नये. आडवे उडवावे. तोक्योच्या पश्चिमेला कोकुबुन्जी येथे बंद पडलेल्या एका शस्त्रकारखान्यात बंदुका तपासण्यासाठी बांधलेला, अर्धा जमिनीत गेलेला काँक्रीटचा खंदक होता. तो या कामासाठी मिळाला. एका टोकाला दीड मीटर लांबीचा प्रक्षेपक, दुसऱ्या टोकाला वाळू, आणि मध्ये ठरावीक अंतरांवर चौकटींत ताणून बसवलेले कागदाचे पडदे. पडद्यांवर बारीक तारा होत्या. पेन्सिल पडदा फाडून गेली की तार तुटे आणि ती नेमकी वेळ नोंदली जाई. दोन पडद्यांमधल्या वेळेवरून वेग निघे. भोक पडद्याच्या मध्यापासून किती ढळले यावरून वाट कळे, आणि पंखांनी कागद कुठल्या कोनात चिरला यावरून गिरकी. जोडीला वेगवान कॅमेरे होते. रडारचे काम कागद, तार आणि फूटपट्टीने भागवले गेले.

१२ एप्रिल १९५५ रोजी सरकारी अधिकारी आणि वार्ताहर यांच्यासमोर ही चाचणी झाली. खंदकाच्या भिंतीपलीकडून चुओ रेल्वेमार्ग जात होता. गाडी जवळ आली की उलटी मोजणी थांबवावी लागे. त्या दिवसापासून २३ एप्रिलपर्यंत २९ पेन्सिली उडवण्यात आल्या आणि सगळ्या व्यवस्थित गेल्या. सेकंदाला शंभर-सव्वाशे मीटर हा त्यांचा वेग बंदुकीच्या गोळीपेक्षा कितीतरी कमी होता. समोर बसलेल्यांना आवाज ऐकू आला, थोडा धूर दिसला आणि तेवढ्यात सगळे आटोपले. वर्तमानपत्रांनी मात्र या चाचणीची चांगली दखल घेतली, आणि पराभवानंतर दहा वर्षांनी देशात कौतुकाची एक बातमी आली. पुढे चिबा येथे संस्थेच्या आवारात, जहाजांची प्रतिरूपे तपासण्याच्या लांब हौदाचा उपयोग करून अशाच आडव्या चाचण्या चालू राहिल्या. तिथे ३० सेंटिमीटर लांबीची आणि दोन टप्प्यांची पेन्सिलही तपासली गेली.

दरम्यान रॉकेट-विमानाचे स्वप्न बाजूला पडले होते. त्याला कारण झाले आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष. जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ या दीड वर्षात जगभरच्या शास्त्रज्ञांनी एकाच वेळी पृथ्वी, महासागर आणि वातावरण यांची मोजमापे घ्यायची, अशी ही योजना होती. सूर्यावरील डागांची संख्या त्या काळात कमाल असणार होती, म्हणून हा कालखंड निवडला होता. १९५४ साली रोममध्ये झालेल्या तयारीच्या बैठकीत उच्च वातावरणाच्या अभ्यासासाठी रॉकेटे वापरण्याचे ठरले. जपानी शास्त्रज्ञांना त्यात भाग घ्यायचा होता, पण देशात रॉकेट नव्हते. इतोकावांच्या योजनेची बातमी वर्तमानपत्रात वाचून शिक्षण मंत्रालयातील एका अधिकाऱ्याने त्यांना विचारले, १९५८ पर्यंत शंभर किलोमीटरपर्यंत काही पोचवता येईल का? इतोकावांनी होकार दिला. त्या वेळी त्यांच्या हातात जे होते ते पाहता हा होकार म्हणजे मोठे धाडस होते, आणि दिलेली मुदत पुढे पुरती पाळलीही गेली नाही. तरी त्या होकाराने एक गोष्ट पक्की झाली. जपानी रॉकेटाला प्रवासी मिळाला नाही, पण उपकरणाच्या रूपाने ओझे आणि हवामानशास्त्र, आयनांबर, विश्वकिरण यांच्या अभ्यासकांच्या रूपाने गिऱ्हाईक मिळाले. पुढची रॉकेटे लष्करासाठी न घडता विद्यापीठाच्या प्रयोगशाळांसाठी घडली, त्याचे मूळ इथे आहे.

आता मात्र वर उडवणे भाग होते, आणि त्यासाठी किनारा हवा होता. पॅसिफिककडची बाजू जहाजांनी, विमानमार्गांनी आणि मासेमारीने गजबजलेली. म्हणून उलट्या बाजूचा, जपानी समुद्राकडचा किनारा धुंडाळण्यात आला आणि अकिता प्रांतातील मिचिकावाची पुळण ठरली. ६ ऑगस्ट १९५५ रोजी दुपारी तिथे पहिली पेन्सिल उभी राहिली. ती पेटली, प्रक्षेपकावरून निसटली आणि दिवाळीतल्या भुईचक्रासारखी वाळूवरच फिरली. तासाभराने दुसरी उडवली. ती १६.८ सेकंद हवेत होती, सुमारे ६०० मीटर उंच गेली आणि ७०० मीटर अंतरावर समुद्रात पडली. शंभर किलोमीटरच्या वचनापुढे हा आकडा ठिपक्याएवढा होता.

त्याच महिन्यात ‘बेबी’ आले. आठ सेंटिमीटर व्यास, माणसाच्या छातीपर्यंत लांबी, दहा किलोच्या आसपास वजन आणि दोन टप्पे असलेले हे रॉकेट सुमारे सहा किलोमीटर उंच जाई. उंचीपेक्षा महत्त्वाचे होते त्याने शिकवलेले धडे, कारण साउंडिंग रॉकेटासाठी लागणारे प्रत्येक काम बेबीच्या एकेका प्रकाराने वेगवेगळे तपासून घेतले. पहिल्या प्रकाराने वाटेत पांढरा धूर सोडला, म्हणजे जमिनीवरच्या कॅमेऱ्यांना त्याचा माग काढता यावा. दुसऱ्यात टेलिमेट्री होती. उडत्या रॉकेटाने मोजलेला आकडा जपानमध्ये पहिल्यांदा रेडिओने खाली आला. तिसऱ्यात हवाई छत्री आणि तरंगणारा भाग होता, आणि आतला कॅमेरा समुद्रातून परत मिळवण्यात आला. ही तिन्ही कामे पहिल्याच झटक्यात एका मोठ्या रॉकेटात कोंबली असती, तर कुठले बिघडले हे शोधण्यातच वर्ष गेले असते. छोट्या रॉकेटाची काटकसर बनवण्याच्या खर्चात असते तशी बिघाड शोधण्याच्या खर्चातही असते, आणि हा दुसरा हिशेब हिशेबवहीत दिसत नाही.

बेबीनंतरचे रॉकेट ग्रीक अक्षरावरून ‘कप्पा’ म्हणवले गेले. १९५६ च्या सप्टेंबरात कप्पाची पहिली उड्डाणे झाली आणि लगेच एक जुनी अडचण समोर आली. ताकेतोयोची दारू मळून, दाबून, साच्यातून बाहेर काढली जाई, सोऱ्यातून चकली पडते तशी. साचा आणि दाबयंत्र जेवढे, तेवढीच कांडी जाड होऊ शके. दाबयंत्र मोठे करायचे तर खर्च अफाट, शिवाय नायट्रोग्लिसरीन असलेला मोठा गोळा प्रचंड दाबाखाली धरण्यातला धोका वेगळा. कांड्यांचे जुडगे बांधून, टप्पे वाढवून, पंखांचे आकार बदलून कप्पाचे अनेक प्रकार झाले, तरी हवी ती उंची हाती येईना. भूभौतिकी वर्ष सुरू झाले, ४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत संघाचा स्पुत्निक पृथ्वीभोवती फिरू लागला, आणि कप्पा अजून ढगांच्या थोडेच वर होते.

सुटका झाली ती इंधन बदलल्यामुळे. संमिश्र इंधनात प्राणवायू पुरवणारी अमोनियम परक्लोरेटची भुकटी एका प्लास्टिकजातीच्या द्रवात कालवतात. तो द्रव बंधकही असतो आणि स्वतः जळतोही. हे मिश्रण पातळ असतानाच साच्यात ओततात आणि तापवून घट्ट होऊ देतात. दाबयंत्राची गरजच उरत नाही, म्हणून जाडीवरची मर्यादाही जाते. मधल्या पोकळीचा आकार बदलून जळणारा पृष्ठभाग कमीजास्त करता येतो, आणि त्यानुसार रेट्याचा चढउतार ठरतो. अमेरिकेत हे तंत्र युद्धकाळापासून वाढत होते; जपानी रसायनतज्ज्ञांनी ते आपल्या कारखान्यात बसवायला दोन-तीन वर्षे घेतली. या इंधनावरचे ‘कप्पा-६’ साडेपाच मीटरच्या आसपास लांब आणि अडीचशे किलोच्या घरात वजनाचे होते. १९५८ च्या सप्टेंबरात ते ६० किलोमीटरपर्यंत पोचले.

कप्पा-६ ने वारा आणि तापमान मोजले ते आवाजाच्या साहाय्याने. वर जाताना रॉकेट ठरावीक उंचीवर एकामागून एक लहान स्फोटके फोडत जाई, आणि जमिनीवर मांडलेले संवेदनशील मायक्रोफोन त्यांचे आवाज टिपत. हवेत ध्वनीचा वेग तापमानावर अवलंबून असतो. आवाज यायला लागलेल्या वेळेवरून दोन स्फोटांमधल्या थराचे तापमान निघे आणि आवाज ज्या दिशेने आला त्या दिशेतील फरकावरून वाऱ्याचा वेग. काही उड्डाणांत विश्वकिरण मोजणारी उपकरणेही होती. वर्ष संपायच्या आत जपानची मोजमापे जगाच्या नोंदीत दाखल झाली. शंभर किलोमीटरचा शब्द पुरा झाला नव्हता, हे खरे. पण साठ किलोमीटरवर स्वतःच्या रॉकेटाने मोजणी करणारे देश तेव्हा जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. बाकी बहुतेकांनी रॉकेट लष्कराकडून घेतले होते. जपानने ते विद्यापीठाच्या अनुदानावर आणि यंत्र, दारू, रेडिओ बनवणाऱ्या खासगी कंपन्यांच्या सहकार्याने घडवले.

त्यानंतर वाढ झपाट्याने झाली. १९६० साली ‘कप्पा-८’ दोनशे किलोमीटरच्या जवळ गेले आणि त्यातील उपकरणांनी आयनांबरातल्या विद्युतभारित कणांची घनता मोजली. १९६१ साली तीन टप्प्यांच्या ‘कप्पा-९एल’ने ३५० किलोमीटर गाठले. आता भीती उलटी होती. जपानी समुद्र अरुंद आहे. रॉकेट थोडे जास्त गेले तर पलीकडच्या देशाच्या भूमीवर पडायचे. त्यातच २४ मे १९६२ रोजी मिचिकावाहून सुटलेल्या एका कप्पा-८ चा उड्डाणानंतर लगेच स्फोट झाला. त्या पुळणीवरची मोठी उड्डाणे संपली.

नवी जागा इतोकावांनी आधीच हेरून ठेवली होती. क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकाजवळ, कागोशिमा प्रांतात, उचिनोउरा नावाचे गाव. समोर मोकळा पॅसिफिक, पण सपाट जमीन नावालाही नाही. डोंगर थेट समुद्रात उतरलेले. इतरांनी ही जागा नाकारली असती. इतोकावांनी डोंगरांची टोके छाटून प्रत्येक पायरीवर वेगळी सोय करायची ठरवली. एका सपाटीवर प्रक्षेपक, दुसरीवर रडार, तिसरीवर टेलिमेट्रीची तबकडी. १९६२ च्या फेब्रुवारीत काम सुरू झाले आणि १९६३ च्या डिसेंबरात केंद्राचे रीतसर उद्घाटन झाले. गावातल्या स्त्रियांच्या मंडळाने, रस्ता धड नसलेल्या काळात बाहेरून आलेल्या संशोधकांची केलेली देखभाल जपानी अंतराळ-इतिहासात आदराने सांगितली जाते.

मच्छीमारांशी मात्र सोपे गेले नाही. त्या समुद्रात आजूबाजूच्या प्रांतांच्या होड्या फिरत, आणि रॉकेट उडणार म्हणून समुद्र रिकामा करणे म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडणे. वाटाघाटींतून उड्डाणांना वर्षातले दोनच हंगाम मिळाले, हिवाळ्याचा जानेवारी-फेब्रुवारी आणि उन्हाळ्याचा ऑगस्ट-सप्टेंबर. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात हा वाद इतका चिघळला की वर्षभराहून अधिक काळ उड्डाणे बंद राहिली. जपानी संशोधन-रॉकेटांची कितीतरी वर्षांची कालगणना सूर्यडागांपेक्षा माशांच्या हंगामावर चालली. आयनांबराच्या अभ्यासकाला एखादी घटना ऑक्टोबरात हवी असेल, तर त्याने पुढचा जानेवारी धरावा. दशकांनंतर ही बंधने हळूहळू सैल झाली.

यशाला दुसरीही एक किनार होती. साठच्या दशकात कप्पा परदेशी गेले, युगोस्लाव्हियाला आणि नंतर इंडोनेशियाला. हवामान मोजणारे घन इंधनाचे रॉकेट आणि तोफखान्याचे रॉकेट यांत धातूच्या नळीपुरते तरी फारसे अंतर नसते. इंडोनेशियाचा त्या वेळी शेजारच्या मलेशियाशी संघर्ष चालू होता, त्यामुळे ओरड झाली. १९६७ साली पंतप्रधान इसाकू सातो यांनी शस्त्रनिर्यातीवर बंधने घालणारी तीन तत्त्वे संसदेत मांडली, तेव्हा मागे या रॉकेटविक्रीची चर्चा होती. त्याच वर्षी इतोकावा वर्तमानपत्रांतील टीकेनंतर विद्यापीठातून बाहेर पडले. त्यांच्या मागे राहिलेल्या गटाने ११ फेब्रुवारी १९७० रोजी उचिनोउराहून ‘लॅम्डा-४एस’ या रॉकेटाने ‘ओसुमी’ हा २४ किलोचा उपग्रह कक्षेत सोडला. लॅम्डा हे मुळात वाढवलेले साउंडिंग रॉकेटच होते. त्याला दिशा देणारी पूर्ण यंत्रणा नव्हती, आणि त्याआधीची चार उड्डाणे फसली होती. स्वतःच्या रॉकेटाने उपग्रह सोडणारा जपान सोव्हिएत संघ, अमेरिका आणि फ्रान्सनंतरचा चौथा देश ठरला.

मोठी रॉकेटे आली म्हणून छोट्यांचे काम संपले नाही. उलट एका छोट्याने सर्वांत नियमित नोकरी केली. ‘एमटी-१३५’ हे १३५ मिलिमीटर व्यासाचे हवामान-रॉकेट जुलै १९७० पासून इवाते प्रांतातील रियोरी येथील हवामान केंद्रातून दर बुधवारी उडे. साठ किलोमीटरच्या आसपास ते छत्रीला बांधलेले उपकरण सोडी, आणि उपकरण हळूहळू उतरत वारा व तापमान कळवत राही. रॉकेटाची रिकामी नळीसुद्धा छत्रीनेच खाली येई, कारण ती एखाद्या होडीवर पडू नये. हा शिरस्ता मार्च २००१ पर्यंत चालला.

बुधवार योगायोगाने आला नव्हता. निरनिराळ्या देशांतली हवामान-रॉकेटे एकाच दिवशी उडाली, तर त्यांच्या नोंदी एकमेकींना जोडून पृथ्वीभोवतीच्या वरच्या वाऱ्यांचे चित्र उभे करता येते. केरळमधल्या थुंब्याहून १९७० च्या अखेरीपासून सोव्हिएत बनावटीची ‘एम-१००’ रॉकेटे उडू लागली, तीही दर बुधवारी. थुंब्याचे स्वतःचे पहिले रॉकेट, २० नोव्हेंबर १९६७ रोजी उडालेले ‘रोहिणी-७५’, जपानी पेन्सिलीइतके नसले तरी लहानच होते. ७५ मिलिमीटर व्यास, ३२ किलो वजन आणि दहा किलोमीटरच्या आसपास उंची. पुढे तिथल्या घन इंधनाच्या विकासात मोठा वाटा उचलणारे वसंत गोवारीकर पुण्याचे. ओतीव इंधन हाती आल्यावर रोहिणी मालिकाही व्यासाने वाढत गेली. त्यातले दोन टप्प्यांचे ‘रोहिणी-२००’ साडेतीन मीटर लांबीचे. सत्तरएक किलोमीटरवर ते तांब्याच्या बारीक तंतूंचा ढग सोडते, आणि तो ढग वाऱ्याबरोबर कसा सरकतो हे रडार पाहते.

जपानमध्ये कप्पाची जागा ‘एस’ मालिकेने घेतली. त्यात कप्पाचे अनेक टप्पे जाऊन पुन्हा एकच टप्पा आला, कारण इंधन आणि नळीचे धातू एवढे सुधारले होते की एका टप्प्यात भागू लागले. टप्पा कमी म्हणजे सुटे होणारे सांधे कमी, प्रज्वलक कमी, समुद्रात पडणारे तुकडे कमी आणि खर्चही कमी. ३१० मिलिमीटर व्यासाचे ‘एस-३१०’ दीडशे किलोमीटरच्या वर जाते आणि ५२० मिलिमीटरचे ‘एस-५२०’ तीनशेच्या घरात. उचिनोउराहून, तसेच ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी नॉर्वेतून ही रॉकेटे उडाली आहेत. एस-५२० वर दुसरा टप्पा चढवून केलेल्या ‘एसएस-५२०’ला आणखी एक छोटा तिसरा टप्पा जोडण्यात आला. जानेवारी २०१७ मधले त्याचे उड्डाण वाटेत टेलिमेट्री बंद पडल्याने वाया गेले. ३ फेब्रुवारी २०१८ रोजी दुसऱ्या प्रयत्नात, साडेनऊ मीटर लांबीच्या या रॉकेटाने तीन किलोचा उपग्रह कक्षेत नेला. तोवर इतक्या लहान रॉकेटाने उपग्रह सोडला गेला नव्हता.